‘नाही’ हे कसं कळतं? शीतगृह, ओझोन आणि दार उघडणारा माणूस

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांनी कळवलं, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने शीतगृहात कशाला शिरायचं? स्वेटर घालून शिरावं, एवढंच आमचं उत्तर. पण खरं सांगायचं तर विषय आमच्या घरचाच आहे. एखादी वस्तू ‘आहे’ हे कळणं तुलनेने सोपं असतं. ती ‘नाही’ हे कसं कळतं, हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञांनी शतकानुशतकं चघळला. शीतगृहात ओझोन वायू सोडून निर्जंतुकीकरण करतात, तेव्हा सगळा भरवसा याच प्रश्नावर असतो. बुरशी आता नाही, हे कशावरून? आणि ओझोन आता नाही, हे कशावरून? पहिल्याचं उत्तर चुकलं तर माल जातो. दुसऱ्याचं चुकलं तर पहाटे दार उघडणाऱ्या हमालाच्या फुप्फुसांवर बेततं.

आमचे एक जुने विद्यार्थी निफाड तालुक्यात शीतगृह चालवतात. त्यांच्याकडे एका विक्रेत्याने पत्रक आणून दिलं. त्यात ओझोनबद्दल एकच वाक्य ठळक अक्षरांत होतं: ‘कोणताही अवशेष राहत नाही, म्हणून पूर्णपणे सुरक्षित.’ विद्यार्थ्याने ते आम्हाला पाठवलं आणि विचारलं, सर, यात ‘म्हणून’ बसतं का? आजचं व्याख्यान त्या ‘म्हणून’बद्दल आहे असं समजा.

आधी थंडीबद्दल एक गैरसमज दूर करू. थंडी जंतू मारत नाही, त्यांचा वेग कमी करते. द्राक्षं शून्य ते एक अंश सेल्सिअसला आणि नव्वद-पंच्याण्णव टक्के आर्द्रतेत ठेवतात, कारण त्याहून कोरड्या हवेत देठ सुकतो, मणी सुरकुततात. पण हीच ओल काही बुरशींना मानवते. द्राक्षांवर येणारी करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, शून्य अंशाजवळसुद्धा हळूहळू वाढते. फळांवरच्या निळ्या-हिरव्या बुरशींतल्याही काही जाती अशाच चिवट. लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर घरच्या फ्रिजच्या तापमानाला वाढतो. तेव्हा शीतगृह म्हणजे जंतूंची तुरुंगकोठडी नव्हे, फार तर स्थानबद्धता. हंगाम संपला, माल गेला, की भिंतींच्या सांध्यांत, क्रेटच्या कोपऱ्यांत, थंड हवा फेकणाऱ्या कॉईलच्या पत्र्यांमध्ये आणि खालच्या पाण्याच्या तबकात बीजाणू मागे राहतात आणि पुढच्या मालाची वाट बघतात. म्हणून दोन हंगामांच्या मध्ये खोली निर्जंतुक करावी लागते.

आता ओझोन. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. हा तिसरा अणू फार काळ नांदत नाही. समोर जे येईल त्याच्याशी तो जोडला जातो आणि मागे साधा ऑक्सिजन उरतो. बुरशीच्या पेशीचं आवरण समोर आलं तर ते आवरण फाटतं. १८४० च्या सुमारास बाझेलला शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने या वायूला नाव दिलं, तेही ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. वीज कडाडल्यावर किंवा जुन्या झेरॉक्स यंत्राजवळ जो तिखट-करकरीत वास येतो, तो याचाच. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याचं पाणी ओझोनने शुद्ध केलं जात होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये अन्नप्रक्रियेत आणि साठवणुकीत, वायुरूपात आणि पाण्यात विरघळवून, त्याच्या वापराला मान्यता दिली. म्हणजे हे काही जादूटोण्याचं काम नाही, शंभराहून अधिक वर्षांचं तंत्र आहे. (ओझोनचा थर तर आपलं रक्षण करतो, मग तो वाईट कसा, असं नेहमी विचारतात. तो थर पंधरा-वीस किलोमीटर उंच आहे आणि तिथे श्वास घेणारं कोणी नाही.)

अवशेष राहत नाही, हे विधान खरं आहे. पण ते कधी खरं आहे? शेवटी. क्लोरीनसारखा वास किंवा क्षार मागे ठेवून ओझोन जात नाही, तो ऑक्सिजन होऊन जातो. मात्र जाईपर्यंत तो खोलीत असतो, आणि असतो तेव्हा पुरता असतो. ‘शेवटी राहणार नाही’ यावरून ‘आत्ता नाही’ हे निघत नाही. आमच्या विद्यार्थ्याला खटकलेलं ‘म्हणून’ इथे मोडतं. काळाचं अंतर त्या पत्रकाने गिळून टाकलं.

किती पुरता, ते आकड्यांत बघू. हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग, याला पीपीएम म्हणतात. कामाच्या जागी आठ तासांसाठी ओझोनची मान्य मर्यादा आहे ०.१ पीपीएम. पाच पीपीएमला अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था ‘जिवाला तत्काळ धोका’ म्हणते. आता दुसरी बाजू. रिकाम्या खोल्यांच्या आणि पृष्ठभागांच्या निर्जंतुकीकरणाचे जे प्रयोग झाले आहेत, त्यांत साधारण दोन पीपीएमपासून पंचवीस पीपीएमपर्यंत ओझोन वापरला आहे. द्राक्षं आत असताना सतत ०.३ पीपीएम ठेवून पाहिलं, तर बुरशीचे हवेत वाढणारे तंतू आणि बीजाणू रोखले जातात असं आढळलं. पण बुरशी त्याने मरत नाही. साध्या हवेत आणली की ती पुन्हा वाढू लागते. आणि हे नुसतं रोखून धरणारं प्रमाणसुद्धा माणसाच्या दिवसभराच्या मर्यादेच्या तिप्पट आहे!

म्हणजे काय, तर बुरशीला पुरेल आणि माणसाला सोसेल अशी मधली पायरी इथे नाही. हे निवडून मारणारं विष नाही. ओझोनला बुरशीची पेशी आणि आपल्या श्वासनलिकेचं अस्तर यांतला फरक कळत नाही. त्यामुळे ‘माणसं आत काम करत असतानाही चालतं’ असं सांगून कोणी यंत्र विकत असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर ते यंत्र काही करत नाही, किंवा ते माणसांनाही काहीतरी करतं आहे.

यंत्राच्या पाटीवर ‘तासाला पाच ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ खोलीवर ठरतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशी छोटी खोली म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. एक पीपीएम ओझोन म्हणजे घनमीटरला साधारण दोन मिलिग्रॅम. गणित करा. हे यंत्र मिनिटाला ८३ मिलिग्रॅम ओझोन सोडतं. त्या खोलीत ०.१ पीपीएमची मर्यादा ओलांडायला त्याला चार-पाच सेकंद पुरतात आणि पाच पीपीएम गाठायला साडेतीन मिनिटं. आता तेच यंत्र हजार टनांच्या शीतगृहात लावा. टनाला साधारण ३.४ घनमीटर धरतात, म्हणजे ३४०० घनमीटर. काहीही वाया न जाता तासाभरात जेमतेम पाऊण पीपीएम होईल. आणि वाया तर जाणारच, कारण लाकूड, पुठ्ठा, भिंतीवरचा मळ, सगळं ओझोन खातं. एकच यंत्र, एका खोलीत जीवघेणं आणि दुसरीत निरुपयोगी. खोलीचं माप न विचारता यंत्र सुचवणाऱ्याकडून ते घेऊ नये, एवढा साधा निकष लावला तरी बरीच खरेदी टळेल.

मळाचा उल्लेख झाला, म्हणून सांगतो. ओझोन हा झाडू नाही. फळांचा रस वाळलेला आहे, कॉईलवर चिकटा आहे, अशा खोलीत ओझोन सोडला तर तो त्या चिकट्यावर खर्च होतो आणि खालचा जंतू सुखरूप राहतो. आधी माल बाहेर, मग सडका पाला-मणी उचलणं, मग साबणाच्या पाण्याने धुणं, खळखळून विसळणं, आणि त्यानंतर ओझोन. हा क्रम उलटा करून चालत नाही. दुसरी गोष्ट ओलाव्याची. कोरड्या बीजाणूवर ओझोनचा परिणाम फार कमी होतो, नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल तर तो चांगला होतो. तेव्हा भिंती निथळू द्याव्यात, पण खोलीची हवा दमट राहू द्यावी. गंमत अशी, की यंत्राला आत लागणारी हवा मात्र कोरडी हवी. दमट हवेतून विजेच्या ठिणगीने ओझोन बनवला की नायट्रोजनची ऑक्साइडं आणि त्यांतून नायट्रिक आम्ल तयार होतं, ते यंत्रही खातं आणि खोलीतलं धातूकामही. म्हणून चांगल्या यंत्राला कोरडी हवा किंवा ऑक्सिजन पुरवतात.

ओझोन पृष्ठभागावर काम करतो, हेही विसरू नये. संत्र्याला काढणीच्या वेळी नखाची जखम झाली आणि बुरशी सालीच्या आत गेली, तर बाहेरचा ओझोन तिथे पोचत नाही. पिकवणारा इथिलीन वायू मात्र ओझोनशी संयोग पावून कमी होतो, तो एक खरा फायदा. संत्र्यांच्या बाबतीत आणखी एक. सालीतून जो सुगंधी लिमोनिन उडतो, त्याच्याशी ओझोनची क्रिया झाली की फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणजे ‘नुसता ऑक्सिजन उरतो’ हे विधानही हवेत दुसरं काही नसेल तेव्हाच पूर्ण खरं. दाराची नैसर्गिक रबराची पट्टी ओझोनने तडकते. ती सिलिकॉनची किंवा ईपीडीएमची असावी. पट्टी तडकली की वायू बाहेर झिरपतो, आणि बाहेर कोण बसलेलं असतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे.

जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कसं कळतं? हे आमच्या शास्त्रातलं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात, ‘अनुपलब्धि’ नावाचं वेगळं प्रमाण आहे: घट दिसत नाही, म्हणून घट नाही. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण कशाला, प्रत्यक्षच पुरेसं आहे. भांडण मोठं आहे, त्यात आज पडायचं नाही. पण एक अट दोन्ही पक्षांना मान्य आहे. घट असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. याला योग्यता म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घट नाही असं म्हणता येत नाही, कारण तिथे तो असता तरी दिसला नसता.

आता शीतगृहाच्या दाराशी उभे राहा. मुकादम दार किलकिलं करतो, नाक आत घालतो आणि म्हणतो, “वास नाय, चला.” हे अनुमान योग्यतेच्या अटीवर पडतं. ओझोनचा वास अगदी कमी प्रमाणातही, ०.०१ ते ०.०५ पीपीएमच्या आसपास, येऊ लागतो हे खरं. पण काही मिनिटांत नाक त्याला सरावतं आणि वास येणं थांबतं. शिवाय ओझोन स्वतः नाकाची संवेदना बोथट करतो. म्हणजे ज्या साक्षीदाराला विचारायचं, त्यालाच आरोपीने गप्प केलेलं. वास आला तर ओझोन आहे, हे बरोबर. वास आला नाही तर ओझोन नाही, हे बरोबर नाही. याच नाकाने आणखी एक फसगत होते. खोलीतला कुबट वास गेला, म्हणजे बुरशी गेली असं वाटतं. गेला तो वासाचा रेणू. बीजाणू गेले की नाही, हे प्रयोगशाळेकडून पोषक जेलच्या बशा आणवून, ओझोनआधी आणि ओझोननंतर त्या ठरावीक वेळ खोलीत उघड्या ठेवून, त्यांवर काय उगवतं ते मोजूनच कळतं.

मग नाकाऐवजी मीटर घ्यावा. घ्यावाच. पण तोही योग्यतेच्या अटीतून सुटत नाही. मीटर शून्य दाखवतो, त्याची दोन कारणं असू शकतात. ओझोन शून्य आहे, किंवा मीटरचा सेन्सर मेला आहे. मेलेला सेन्सरही फार समाधानाने शून्य दाखवतो. म्हणून ‘ओझोन असता तर या मीटरने दाखवला असता’ हे आधी सिद्ध करून घ्यावं लागतं. ठरावीक मुदतीने प्रमाणित यंत्राशी ताडून घ्यायचा, आणि वापरण्याआधी थोडा ओझोन दाखवून काटा हलतो का ते बघायचं. आमचे विद्यार्थी म्हणाले, सर, सर्व्हिसवाला हे दर वेळी करतो, त्याला योग्यता हा शब्द माहीत नाही इतकंच. बरोबर आहे. शब्द नसला तरी चालेल.

‘एक तास थांबा’ असा सरसकट नियमही फसवा. समजा खोलीत दहा पीपीएम होता. ०.१ च्या खाली यायला तो सात वेळा अर्धा व्हावा लागतो: दहाचे पाच, पाचाचे अडीच, असं करत. क्रेट, लाकूड आणि पुठ्ठ्याने भरलेल्या खोलीत तो अर्ध्या तासात अर्धा होत असेल, तर साडेतीन तास लागतील. स्टीलच्या पत्र्याची, धुतलेली, रिकामी आणि थंड खोली असेल आणि अर्धा व्हायला दोन तास लागत असतील, तर चौदा तास. थंडीत ओझोन जास्त टिकतो, हे इथे लक्षात ठेवायचं. जितकी स्वच्छता चांगली, तितकं थांबणं जास्त. शेजारच्या शीतगृहाचा तास आपल्या शीतगृहाला लागू पडत नाही.

प्रत्यक्ष व्यवस्था फार अवघड नाही. यंत्राचं बटण आणि मीटरचा आकडा दोन्ही दाराबाहेर हवेत. दार उघडलं की यंत्र आपोआप बंद पडलं पाहिजे. वायू सोडण्याआधी आत जाऊन नावानिशी माणसं मोजायची, कारण क्रेटच्या रांगेमागे कोणी डुलकी काढत नाही याची खात्री हाक मारून होत नाही. मग कुलूप, किल्ली एकाच माणसाच्या खिशात, आणि दारावर मराठीत आणि कामगारांच्या भाषेत पाटी. हल्ली अनेक ठिकाणी हमाल बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले असतात, त्यांच्यासाठी हिंदी पाटी हवीच. आतून उघडणारी कडी तर प्रत्येक शीतगृहाला असायलाच पाहिजे, ओझोन असो वा नसो. शेवटी खोलीतली हवा पंख्याने बाहेर काढायची असेल तर ती छपरावरून किंवा ओझोनचा ऑक्सिजन करणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडच्या गाळणीतून काढावी. गाड्या भरण्याच्या धक्क्यावर काढू नये. थंडी वाया जाते म्हणून हवा बदलायला मालक कचरतात, ते आम्हाला समजतं. विजेचं बिल दिसतं, फुप्फुस दिसत नाही. योग्यतेचाच हाही एक प्रकार.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क ओझोन अडवत नाही, एन-९५ सुद्धा नाही. ते कणांसाठी असतात, वायूसाठी नाहीत. आत कोणी कोसळलं तर तसंच धावत आत जाणं म्हणजे दोन माणसं गमावण्याची तयारी. स्वतंत्र हवेची टाकी असलेलं श्वसनयंत्र आणि ते वापरायला शिकलेला माणूस जवळपास नसेल, तर इतका तीव्र ओझोन वापरण्याचं काम अंगावर घेऊ नये. यंत्र बंद करून, दार सताड उघडून, अग्निशमन दलाला बोलवावं. घशात खवखव, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखं, डोकेदुखी ही लक्षणं. दमा असेल तर ती लवकर आणि जास्त. यात एक फसवा भाग असा, की जास्त ओझोन श्वासात गेला तर फुप्फुसात पाणी साठणं काही तासांनंतरही सुरू होऊ शकतं. दुपारी खोकला थांबला, माणूस म्हणाला “बरा आहे”, तरी त्याला दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना ‘ओझोन’ हा शब्द सांगायचा. ‘गॅस लागला’ एवढंच सांगितलं, तर डॉक्टर शीतगृह म्हटल्यावर अमोनिया समजतील.

एक प्रश्न लेखी आला आहे: घरच्या फ्रिजसाठी छोटं ओझोन यंत्र मिळतं, ते घ्यावं का? घेऊ नये. फ्रिज दिवसातून वीस-पंचवीस वेळा उघडतो आणि उघडणाऱ्याचं तोंड आतच असतं. त्यात बुरशी रोखण्याइतका ओझोन असेल तर तो स्वयंपाकघरात येणार, आणि स्वयंपाकघरात येणार नाही इतका कमी असेल तर बुरशीला त्याचं काही नाही. खाली भाजीच्या ड्रॉवरमध्ये पाणी साचतं ते काढा, रबराच्या पट्टीच्या घड्या खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, कोरड्या करा, आणि मागच्या कोपऱ्यातली ती वाटी कधीची आहे ते घरात विचारा.